पहिल्या नोकरीची तयारी: आधी मोजणी, मग शिकवणी

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं भरती आणि प्रशिक्षणाचं काम केलं. तिथला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर येतो. घनसावंगीकडचा, आयटीआय फिटर, कामावर येऊन अकरावा दिवस. त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं. काम सोपं होतं. नगाच्या भोकात गेजचं, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दांड्याचं, एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. अकराच्या सुमारास दुसरं टोकही आत जायला लागलं. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने गेज पुसून पाहिलं, दुसरा नग घेऊन पाहिला, मान वर करून सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझर पलीकडच्या लाइनवर कुणावर तरी ओरडत होता. मुलाने मान खाली घातली आणि नग चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये टाकला. शिफ्ट सुटेपर्यंत तीनशेच्या वर नग त्याच क्रेटमध्ये गेले. मग सगळ्या मालाला नाकारल्याचा लाल टॅग लागला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. फोन केला तर बंद.

त्याला काम येत होतं. चूक ओळखताही आली होती. ती सांगता आली नाही, एवढंच. आणि ती कशी सांगायची हे आम्हीही शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या माहितीत बूट, चष्मा, कँटीनची वेळ, पंचिंग सगळं होतं. हे नव्हतं.

आता मी तालुक्याच्या गावी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहावी, बारावी, आयटीआय झालेल्या मुलामुलींकडून सहा आठवड्यांची तयारी करून घेते. ती कशी करायची, ते इथे सविस्तर लिहिते आहे. घरातला थोरला भाऊ, शाळेतल्या बाई, बचत गटाची अध्यक्ष, ग्रंथपाल, कुणीही हे करून घेऊ शकतं. मुलं स्वतःही करू शकतात, फक्त तपासायला दुसरं एक माणूस हवं. खर्च जवळपास नाही.

कोणत्या कामासाठी ही तयारी

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथली लाइनवरची, पॅकिंगची, स्टोअरची कामं. जालन्याच्या रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्या. लातूरच्या डाळ मिल. नांदेड-परभणीतली दुकानं, दवाखाने, गोदामं. बीड-धाराशिवच्या मुलांना यातलं बरंच काही लांब पडतं, पण पतसंस्थेत, मेडिकलवर, पेट्रोल पंपावर, कुरिअरच्या केंद्रावर काम तिथेही असतं. मशीन कोणतं, माल कोणता, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आणि ते कामावरच शिकवतात. ते शिकवताना समोरच्याला काही गोष्टी येतातच असं धरून चालतात. वाचून तसं करणं, मोजणं, वेळेचा हिशेब, एकदा ऐकून लक्षात ठेवणं, लिहून ठेवणं आणि अडलं की सांगणं, या त्या गोष्टी. माणूस अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

म्हणून कोर्सची फी भरण्याआधी मोजणी करा, म्हणजे मुलाला यातलं काय येतं आणि काय नाही ते बघा. टायपिंग, एमएस-सीआयटी, स्पोकन इंग्लिश यांना माझा विरोध नाही. पण ज्याला टक्केवारी काढता येत नाही त्याला एक्सेलचं प्रमाणपत्र मिळतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होते.

मोजणी: एक दुपार, दोन तास

परीक्षेसारखं करू नका. बाकं मांडली, पेपर वाटले की मुलं शाळेतल्या जुन्या भीतीत शिरतात आणि खरं काय येतं ते दिसत नाही. एकेकाला बोलवा, शेजारी बसा, चहा घ्या. घरातल्याच वस्तू लागतील: औषधाची किंवा फवारणीच्या बाटलीची रिकामी पेटी, फूटपट्टी, वही, झाकणाच्या वीस डब्या, फोन. फवारणीची बाटली मात्र देऊ नका, पेटीच द्या.

पहिलं, वाचून तसं करणं. मोठ्याने वाचायला सांगू नका. अडखळत वाचणाऱ्यालाही अर्थ कळलेला असतो आणि घडाघडा वाचणाऱ्याला कधी कधी कळलेला नसतो. पेटीवरचा मजकूर समोर ठेवा आणि विचारा: पाच लिटरला दहा मिली लिहिलंय, मग पंधरा लिटरच्या पंपाला किती? उघडल्यावर तीस दिवसांत वापरायचं, आज उघडलं तर कधीपर्यंत? तीन थरांपेक्षा उंच रचू नये म्हणजे काय, रचून दाखव. फवारणीच्या औषधांवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. आमच्याकडच्या पोरांनी तो शेकडो वेळा पाहिलेला असतो, पण अर्थ माहीत असलेली थोडीच निघतात. खुणा वाचायची सवय आहे की नाही, ते या एका प्रश्नातून कळतं. कारखान्यात भिंतभर खुणाच असतात.

दुसरं, मोजणं. फूटपट्टीवर पेन्सिल ठेवा, पण शून्यावर नाही, तीनवर. टोक अकरावर आलं तर लांबी किती? आठ. बरीच मुलं अकरा सांगतात. हे फक्त आपल्याच मुलांचं नाही. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची जी 'असर २०२३' पाहणी झाली, तिच्यात शून्यापासून मोजायला सांगितल्यावर सुमारे ८५ टक्के मुलांना लांबी सांगता आली. वस्तू पुढे सरकवली तेव्हा तेच प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्यापेक्षा जास्त मुलांना जमलं नाही आणि सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. त्यामुळे बारावी पास मुलाला पट्टीने मोजायला लावताना संकोच वाटू देऊ नका. तो संकोच पुढे त्याला महाग पडतो.

मग तीन हिशेब तोंडी द्या. एका पेटीत २४ नग, १७ पेट्या भरल्या आणि ९ सुटे राहिले, एकूण किती? (४१७.) ताशी ४० नग निघतात, साडेसात तासांत किती? (३००.) त्यातले ६ खराब निघाले, टक्के किती? (२.) उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. कसं काढलं ते विचारा. एका मुलीने २४ गुणिले १७ न करता "दहा पेट्या दोनशे चाळीस, पाच पेट्या एकशे वीस, दोन पेट्या अठ्ठेचाळीस" असं बोटांवर केलं. उत्तर बरोबर आलं होतं आणि शाळेत तिला गणितात ३६ गुण होते.

तिसरं, वेळ. शिफ्ट सातला. पंधरा मिनिटं आधी गेटवर पोचायचं. बसला ३५ मिनिटं लागतात, घरापासून थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालायचं. घरातून किती वाजता निघायचं? सहाला. हे उलटं मोजणं बऱ्याच जणांना पहिल्या झटक्यात जमत नाही आणि कामावर उशीर होण्याचं निम्मं कारण आळस नसून हेच असतं, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

चौथं, ऐकून घेणं. तीन भागांची सूचना एकदाच द्या: "त्या कपाटातली निळी वही आण, शेवटच्या पानावर आजची तारीख टाक आणि वही खिडकीत ठेव." कागद-पेन जवळ असू द्या, पण वापर असं सांगू नका. जो स्वतःहून लिहून घेतो किंवा "निळी वही, शेवटचं पान, खिडकी, बरोबर ना?" असं विचारून घेतो, त्याला पैकीच्या पैकी.

पाचवं, लिहिणं. "उद्या तुला सुट्टी हवी आहे, सुपरवायझरला मेसेज लिही." त्यात नाव, कोणत्या दिवशी, कारण आणि परत कधी येणार, एवढं असलं की झालं. शुद्धलेखन पाहू नका. बहुतेक मेसेज "सर उद्या येणार नाही काम आहे" इथे संपतात. नवीन माणसाचं नावही त्यात नसतं.

फोन आणि कागदाचं पटकन उरका. मार्कशीटचा फोटो सावली न पडता काढता येतो का, त्याची पीडीएफ करून ई-मेलने पाठवता येते का, स्वतःचा पासवर्ड स्वतःला माहीत आहे का. बऱ्याच मुलांचा ई-मेल नेट कॅफेवाल्याने उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असतो.

वीस डब्या, एकोणीस झाकणं

ही चाचणी सगळ्यात शेवटी घ्या आणि तिच्यासाठी निवांत वेळ ठेवा. माझ्या मते बाकी सगळ्या चाचण्या मिळून जेवढं सांगत नाहीत, तेवढं ही एकटी सांगते.

मुलाला वीस रिकाम्या डब्या द्या, बटणांची किंवा हरभऱ्याची वाटी द्या, झाकणांची पिशवी द्या. सांगा: प्रत्येक डबीत पाच दाणे, झाकण घट्ट लाव, खोक्यात रच, झालं की वहीत आकडा लिही. झाकणं मात्र एकोणीसच ठेवा आणि त्यातलं एक तडकलेलं असू द्या. तुम्ही खोलीतच बसा, पण हातात काहीतरी काम घ्या, म्हणजे तुम्ही गडबडीत आहात असं दिसेल.

आता बघा. कुणी लगेच म्हणतं, "ताई, झाकण एक कमी हाय अन् हे एक फुटलंय." कुणी अठरा-एकोणीस डब्या रचतं, उरलेली खोक्याच्या तळाशी ठेवतं आणि वहीत वीस लिहितं. कुणी कागदाची घडी करून छान झाकण बनवतं. कुणी हात थांबवून बसून राहतं, विचारेपर्यंत. तडकलेलं झाकण जवळजवळ सगळेच लावून टाकतात.

कागदाचं झाकण करणाऱ्याचं कौतुक करावंसं वाटतं. घरी, शेतात अशा जुगाडावरच आपली कामं चालतात, मोटर बांधायला सुतळी पुरते. पण औषधाच्या कारखान्यात तेच कागदाचं झाकण म्हणजे अख्खा लॉट परत. म्हणून त्याला शाबासकी द्या आणि पुढे सांगा: डोकं चांगलं चाललं, आता आधी सांग आणि मग कर.

वीस लिहिणाऱ्याला खोटारडा ठरवू नका. त्याला विचारा, का लिहिलं. मला आलेली उत्तरं अशी आहेत: तुम्ही कामात होता. आमच्याच हातनं हरवलं असं वाटलं. कमी लिहिलं तर काम जमलं नाही म्हणाल. यातल्या प्रत्येक उत्तरात भीती आहे आणि ती शाळेतून, घरातून, मुकादमाच्या बोलण्यातून आलेली आहे. ती समजुतीच्या गोष्टी सांगून जात नाही. रोज थोडं थोडं सांगायचा सराव झाला की जाते.

नोंद कशी ठेवायची

गुण देऊ नका. प्रत्येक गोष्टीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: एकट्याने, मदतीने, अजून नाही. बाजूला तारीख आणि जे पाहिलं त्याची एक ओळ. "आकडेमोड चांगली" असं लिहून उपयोग नाही. "पेट्यांचा हिशेब बोटांवर, बरोबर. टक्के अजून नाही" असं लिहा. कागद मुलाला दाखवा आणि त्याच्याकडेच ठेवायला द्या. तो त्याचा आहे.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, त्याला आधीच काय येतं ते लिहून काढा. इथे घाई करू नका. मराठवाड्यातल्या मुलांनी कामं भरपूर केलेली असतात, फक्त ती "काम" म्हणून सांगत नाहीत. बापासोबत मोंढ्यात जाऊन सोयाबीनचे कट्टे मोजलेत, ३ क्विंटल ६५ किलो आणि भाव ४,२०० असेल तर १५,३३० रुपये होतात हे आडत्याच्या आधी सांगितलंय. डेअरीवर फॅटचे आकडे उतरवून घेतलेत. आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिलंय. ऊसतोडीच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळत स्वयंपाक केलाय, म्हणजे एका वेळी तीन कामांचं वेळापत्रक पाळलंय.

परतूरकडची एक मुलगी मुलाखतीत "अनुभव नाही" म्हणून गप्प बसायची. तिने तीन वर्षं गटाचे हप्ते लिहिले होते. आम्ही वाक्य बसवलं: "मी बचत गटातल्या बारा बायकांचे हप्ते दर महिन्याला लिहून घेते. महिन्याच्या शेवटी रोख आणि वही जुळवते. दोनदा फरक आला, तो शोधून काढला." ती आता एका गोदामाच्या इनवर्डला, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या नोंदीला आहे.

सहा आठवडे

रोज दीड तास, आठवड्यातले सहा दिवस आणि वेळ ठरलेली. मी सकाळी सातची ठेवते, कारण फर्स्ट शिफ्टला उठायची सवय तेव्हाच लागते. हजेरीच्या वहीत प्रत्येकाने आल्याची वेळ स्वतः लिहायची, सातला दोन मिनिटं असली तरी तीच. उशीर होणार असेल तर सातच्या आत फोन करायचा. नुसता उशीर झाला तर चालतं, न सांगता झाला तर त्या दिवशी सगळ्यांसमोर नाही, पण बाजूला घेऊन बोलायचं.

पहिले दोन आठवडे मी जवळजवळ सगळा वेळ सांगण्यावर घालते. तीन वाक्यांचा सराव आहे. काय झालं, मी आत्तापर्यंत काय केलं, मला काय पाहिजे. एवढंच, पण पाठ नव्हे, तोंडात बसेपर्यंत.

"सर, गेजचं दुसरं टोक आत जायलंय. मी पुसून पाहिलं, दुसऱ्या नगावर पण तसंच हाय. माल बाजूला ठेवलाय, तुम्ही एकदा बघता का?"

त्या घनसावंगीच्या मुलाला हे एवढं सांगता आलं असतं तर तीनशे नगांऐवजी दोन अडले असते.

सराव करताना समोरचा माणूस रागीट असू द्या. एकाने सुपरवायझर व्हायचं, फोनवर बोलत राहायचं, "नंतर ये" म्हणायचं. मग दुसऱ्याने काय करायचं? तिथेच दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा सांगायचं, नाही ऐकलं तर मशीन थांबवून लाइन लीडरला सांगायचं. मुलं सुरुवातीला हसतात. चौथ्या दिवशी हसणं थांबतं आणि खरे प्रसंग निघायला लागतात: दुकानदाराने जास्त पैसे परत दिले तेव्हा गप्प बसलो, सरांनी चुकीची तारीख लिहिली ती सांगितली नाही.

मुलांची बोली सुधारायला जाऊ नका. "करायलो", "जायलंय", "काहून" म्हणणारा मुलगा उत्तम कामगार होतो. पुण्याच्या धाटणीचं बोलायला लावलं की जे थोडं तोंड उघडत होतं तेही मिटतं. त्याऐवजी दोन गोष्टी करा. कामाचे शब्द द्या: नग, लॉट, रिजेक्शन (नाकारलेला माल), रिवर्क (पुन्हा दुरुस्त करणं), होल्ड (अडवून ठेवलेला माल), गेटपास, इनवर्ड, आउटवर्ड, चलन, हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला काम सोपवणं). आणि तीच तीन वाक्यं हिंदीत म्हणायला लावा. लाइनवर शेजारी उत्तर प्रदेश, बिहारचा माणूस असतो, कधी सुपरवायझरही. संभाजीनगर, परभणी, नांदेडच्या मुलांना दखनी वळणाची हिंदी येतेच, बाकीच्यांना थोडा धक्का द्यावा लागतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकडे आणि रजिस्टर. वाचनालयातली पुस्तकं हाच आमचा स्टोअर. एक जण माल आवक लिहितो, दुसरा जावक, वर्ग सुटण्याआधी शिल्लक जुळवायची. मुद्दाम एक पुस्तक लपवून ठेवा. पट्टी, वजनकाटा, टक्के, रोज दहा मिनिटं. ज्यांचं वाचन कच्चं निघालं त्यांना याच काळात वेगळा अर्धा तास द्या आणि वाचायला गोष्टी देऊ नका, सूचना द्या: खताच्या पोत्यावरच्या, एसटीच्या स्थानकावरच्या, कुकरच्या माहितीपत्रकातल्या. वाचायचं आणि करून दाखवायचं.

या काळात एकदा घरच्यांना बोलवा. ही गोष्ट बरेच जण टाळतात आणि पुढे पस्तावतात. जूनमधली पेरणी, दसरा-दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, उन्हाळ्यातली लग्नं, गावची जत्रा. या प्रत्येक वेळी घरून फोन येतो, "दोन दिवस ये" म्हणून, आणि दोनाचे आठ होतात. नव्या माणसाची नोकरी जायचं इतकं साधं कारण दुसरं नाही. आई-वडिलांसमोर कॅलेंडर ठेवा, वर्षातले कोणते दिवस खरंच लागतील ते आधीच खूण करा, बाकीचे नाहीत हे त्यांच्या तोंडून वदवा. मुलींच्या घरी आणखी प्रश्न असतात: जायचं कसं, राहायचं कुठे, नाईट आहे का. त्यांची उत्तरं तोंडी देऊ नका. आईला सोबत घेऊन एक दिवस तिकडे जाऊन या. वाळूजजवळच्या बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीत खोल्या, मेस, थांबा, सगळं डोळ्यांनी पाहू द्या.

कागद, नोंदणी आणि पगाराची पावती

पाचवा आठवडा कागदांचा. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक, तिन्हीवरचं नाव अक्षरन्‌ अक्षर जुळतं का ते बघा. वडिलांचं नाव एकावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल तर पीएफच्या वेळी अडतं, म्हणून दुरुस्ती आत्ताच. राज्य सरकारच्या महास्वयंम या रोजगाराच्या संकेतस्थळावर नोंदणी स्वतःच्या हाताने करायला लावा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे तिथे कळतात. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीचा विचार आधी करावा. ती १९६१ च्या कायद्याखाली चालते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी हातात प्रमाणपत्र येतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, वय १८ ते ३५. ते काम शिकण्याचे पैसे आहेत, कायम नोकरी नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. डिपॉझिट, गणवेशाचे, मेडिकलचे, नाव काहीही असो. मूळ मार्कशीट कुणाच्या हवाली करू नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

पगाराची पावती फळ्यावर सोडवून घ्या. समजा एकूण पगार १४,००० आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १०,०००. पीएफ १०,००० वर १२ टक्के, म्हणजे १,२००. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, १४,००० वर पाऊण टक्का, म्हणजे १०५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १२,४९५. बायकांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात १२,६९५. मुलं विचारतात, पैसे कापले ते गेले का. पीएफचे गेले नाहीत, मालकाचा हिस्साही त्यात पडतो आणि यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, नोकरी बदलली तरी तोच राहतो. ईएसआयचं कार्ड असेल तर घरच्यांनाही दवाखान्याचा उपचार मिळतो. कापतात पण नंबर देत नाहीत, असं झालं तर विचारायचं. कसं विचारायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत झालंच आहे.

शेवटचा आठवडा

मुलाखतीचा सराव दोन दिवस पुरे. स्वतःची ओळख, मागच्या पानावरचं एक काम आणि "तुम्हाला काही विचारायचंय का?" याला किमान एक प्रश्न: शिफ्ट कोणती, साप्ताहिक सुट्टी कधी, पगार कंपनीकडून की ठेकेदाराकडून.

मग पहिल्या दुपारची सगळी मोजणी पुन्हा घ्या, आकडे बदलून. डब्यांच्या वेळी मी झाकणं वीस देते आणि दाणे कमी ठेवते, कारण झाकणांची गोष्ट तोवर सगळ्यांना कळलेली असते. जुना कागद शेजारी ठेवून नवे शब्द लिहा. एखादी गोष्ट अजूनही "मदतीने" राहिली तर राहू द्या, पण कामावर कुणाची मदत मागायची ते त्याच्यापुढे लिहा. सांगणं मात्र "अजून नाही" असेल तर त्या मुलाला आणखी दोन आठवडे थांबवा. मी थांबवते, घरचे नाराज झाले तरी.

कामावर लागल्यावर त्याला खिशात मावणारी एक डायरी द्या. रोज गेलो की नाही, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, ओव्हरटाइम किती. पहिला पगार झाला की फोन करा आणि पावतीवरचे दिवस डायरीशी जुळवून घ्या. एखादा दिवस कमी भरला तर तो मुलगा बहुधा म्हणेल, "जाऊ द्या ताई, एका दिवसाचं काय." तेव्हा फोन ठेवू देऊ नका. तीन वाक्यं तुमच्यासमोर म्हणून घ्या: पावतीवर २४ दिवस आहेत, माझ्या डायरीत २५ आहेत, १४ तारखेची हजेरी तपासून देता का. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला सांगितलं ते विचारायला पुन्हा फोन करा.